क्रुसापाशी लावलेली पिवळी फुलं

लोस आलिसोस गावात लेओकादिया आर्मिहोबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे तिच्या तोंडाला लागायचं नाही. दुसरी, रानातली कुठलीही काडी तिच्यापुढे धरली तर ती नाव सांगितल्याशिवाय राहायची नाही, आणि नाव चुकायचंही नाही. तीस वर्षं पोस्टात पत्रं लावण्यात गेलेली ही बाई. शिक्षण बेताचंच. पण विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात तिनं दाबून, वाळवून, कागदावर डकवून पाठवलेले चारशेवर नमुने होते. प्रत्येक नमुन्याखाली ओळखचिठ्ठी असे, तिच्यावर झाडाचं नाव, जागा, तारीख आणि ओळखणाऱ्याची सही. "माझी एकही चिठ्ठी आजवर चुकीची निघालेली नाही," हे ती कुणी न विचारता सांगायची. चर्चच्या पायरीवर, लग्नात, एकदा तर चक्क एका मयतीत.

तिचा जीव होता तो मात्र पिवळ्या कोलंबाइनवर. ओढ्याकाठी, जिथं दिवसभर सावली आणि दगडांना ओल, तिथंच ते उगवतं. पानं नाजूक, निळसर हिरवी. फूल नितळ पिवळं, आणि पाकळ्यांच्या मागे पाच लांब पोकळ शेपट्या, त्यांच्या टोकाशी मध. गावातली माणसं त्याला पाखरं म्हणतात. ओढ्यावर पाखरं आली की उन्हाळा लागला, एवढंच बाकीच्यांना कळे. लेओकादिया दर मे महिन्यात मोजपट्टी आणि वही घेऊन वर झऱ्यापर्यंत जायची, झाडं मोजायची, शेपट्या मोजायची. अस्सल झाडाची शेपटी चार सेंटिमीटरच्या खाली नसते, सरळ असते, आणि तिच्यावर पिवळ्याखेरीज दुसरा रंग नसतो.

ओढा जिथं रस्ता ओलांडतो तिथं, पाण्यातून पलीकडे जायच्या उताराच्या कडेला, एक पांढरा क्रूस होता. आमच्याकडे माणूस जिथं गेलं त्या जागी घरची मंडळी क्रूस उभा करतात. पुरलेलं असतं कबरस्तानात, पण जीव जिथून गेला ती जागा मोकळी ठेवायची नाही. तिथं जायचं, क्रूस रंगवायचा, वाढदिवसाला काहीतरी ठेवायचं. या क्रुसावर नाव होतं इसेला आर्मिहोचं. लेओकादियाची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. अकरा वर्षांपूर्वी जुलैत डोंगरावर ढग फुटला आणि ती गाडीसकट या उतारावरून वाहून गेली. पुढच्या वळणावर सापडली.

लोक क्रुसांना प्लास्टिकची फुलं बांधतात. लेओकादियाला ती बघवत नसत. आपल्या मुलीला जिवंत फुलं हवीत, आणि तीही ओढ्याची, पिवळी. वरून दोन-चार रोपं उपटून आणली असती तर काम झालं असतं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण रानातलं रोप उपटायचं नाही, हा नियम तिनं जन्मभर पाळला होता आणि दुसऱ्यांना ओरडून ओरडून पाळायला लावला होता. तो आपल्या दुःखासाठी मोडायचा तिला धीर झाला नाही. तिनं टपालानं बी मागवलं. पाकिटावर पिवळं फूल छापलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं: रानटी जात. तिनं ते बी क्रुसाभोवती पेरलं. दुसऱ्या वर्षी फुलं आली आणि ती तिथं बसून पोटभर रडली. रडून तिला बरं वाटलं. अकरा वर्षांत तिला बरं वाटावं अशी ती एकच गोष्ट म्हणायची.

त्या फुलांना तिनं कधी पट्टी लावली नाही. आपल्या पोरीचं तोंड कुणी मोजून बघतं का?

मग शेजारच्या दऱ्यांत वणवा लागला. महिनाभर आकाश तांबडं होतं. तीन दऱ्यांतली कोलंबाइन मुळासकट गेली. दोन वर्षांनी लेओकादियाला विद्यापीठातून देल्फिना किंतानाचं पत्र आलं. ही देल्फिना वनस्पतिसंग्रह सांभाळणारी, चाळिशीची बाई, आणि लेओकादियाचे नमुने गेली बारा वर्षं तीच लावून ठेवत होती. तिनं लिहिलं होतं की जळालेल्या दऱ्यांत पुन्हा पाखरं लावायची आहेत, त्यासाठी बी तुमच्याच ओढ्याचं घ्यायचं ठरतंय. त्याआधी उतारापासून झऱ्यापर्यंत एकूण एक झाड अस्सल आहे याची खात्री हवी. मी शनिवारी येते.

उतारापासून. लेओकादियानं ते दोनदा वाचलं आणि बुधवारी सकाळी पट्टी घेऊन क्रुसापाशी गेली.

पहिल्या फुलाची शेपटी तीन सेंटिमीटर भरली. तिला वाटलं, पट्टी नीट धरली नाही. दुसऱ्या फुलाची शेपटी टोकाशी आकड्यासारखी वळलेली. तिसऱ्याच्या शेपटीवर लालसर झाक. अगदी हलकी, उन्हात धरल्याशिवाय न दिसणारी. पण होती. या दरीत लाल कोलंबाइन कधीच नव्हतं.

 पाकिटातलं बी बागेतलं होतं, दहा जातींची सरमिसळ केलेलं. वर पिवळा मुखवटा, आत काहीही. इतकी साधी गोष्ट, दुसऱ्या कुणी तिच्यापुढे आणली असती तर तिनं हातभर अंतरावरून सांगितली असती. अकरा वर्षं ती इथं आठवड्याला येऊन बसत होती.

मग ती ओढ्यानं वर चालू लागली, कारण खरी भीती पुढेच होती. कोलंबाइनच्या जाती एकमेकींत फार पटकन मिसळतात. पतंग या फुलावरून त्या फुलावर जातो, त्याला कुठं ठाऊक कोण घरचं आणि कोण बाहेरचं. पहिल्या वळणावर दोन झाडं बिघडलेली. मोठ्या शिळेपाशी सात. गेल्या मे महिन्यात ही झाडं तिनं मोजली होती, पण आता आठवलं तेव्हा पटलं, की लाल झाक तिनं पाहिली होती आणि वहीत लिहिली नव्हती. ऊन तसं पडलं असेल, असं स्वतःला सांगितलं होतं. दहा फुटांवरून पाणी पडतं तिथपर्यंत हाच प्रकार. धबधब्याच्या वर मात्र सगळं नितळ होतं.

घरी ओनेसिमोनं विचारलं, "काय गं, पाखरं कशी आहेत?"

ओनेसिमो तिचा नवरा. सुतार, अबोल, हसला तर डोळ्यांनी हसणारा. क्रूस त्यानंच केला होता. त्या दिवशी गाडीची किल्ली इसेलाच्या हातात त्यानंच दिली होती. "जा, पाणी घोट्याएवढंच आहे," असंही तोच म्हणाला होता. हे तो कधी बोलला नाही आणि तिनं कधी काढलं नाही.

"चांगली आहेत," ती म्हणाली आणि घेवडा निवडायला बसली.

शुक्रवारपर्यंत ती गप्प होती. शनिवारी उजाडता उजाडता ती ओढ्यावर गेली आणि जी जी वाकडी, आखूड, लाल झाकेची फुलं होती ती खुडून ओच्यात टाकली. पानांवरून काही कळत नाही. फूल नसलं तर देवालासुद्धा ओळखता येणार नाही. तेवीस फुलं झाली. क्रुसापाशी जी बऱ्यापैकी सरळ होती तेवढीच राहू दिली.  ज्या बाईनं चारशे चिठ्ठ्यांत एक खोटं अक्षर लिहिलं नाही, ती आता चोरासारखी मागेपुढे बघत होती, आणि तिला स्वतःची किळस येत होती. तरीही ती खुडत राहिली. एवढंच मनात होतं की या जागेला कुणी हात लावू नये.

देल्फिना दहाला आली. टोपी, जाड बूट, हातात नमुने ठेवायची दाबपेटी.

"दोन्या लेओकादिया! तुमचं अक्षर बारा वर्षं वाचतेय, तोंड आज बघतेय!" दोन्या असं आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं म्हणतात.

"अक्षर बरं आहे. तोंडाचं काही सांगू नका," लेओकादिया म्हणाली.

देल्फिना खळखळून हसली. दोघी उतारावरून निघाल्या. क्रुसापाशी देल्फिना थांबली, टोपी काढली, छातीवर क्रूस रेखला. नाव वाचलं. मग वाकून एका फुलाला पट्टी लावली. "चार पूर्ण. काठावर आहे, पण आहे." दुसऱ्याला लावली. "साडेचार."

वर जाताना ती बोलत होती. "माझी आजी त्या दरीतली, दोन्या. सान आंतोनियोच्या दरीतली. वणव्यानंतर मी तिथं गेले तर ओढ्यात नुसती राख वाहत होती. आजी नव्वदीची आहे. मला म्हणते कशी, पोरी, मी मरायच्या आत तिथं एक तरी पाखरू बसव, नाहीतर वरून येऊन कान पिळीन. म्हटलं, आजी, तुमचा भरवसा नाही, याल पण!"

लेओकादिया हसली नाही.

शिळेपाशी देल्फिना म्हणाली, "इथं फुलं कमी दिसतात हो."

"हरणं खातात."

"हां." देल्फिनानं वहीत तसं लिहून घेतलं. हरणं. लेओकादियाला ते अक्षर उमटताना दिसलं.

झऱ्यापर्यंत जाऊन दोघी परत शिळेपाशी आल्या. देल्फिनानं धबधब्याखालचं एक आणि वरचं एक फूल दाबपेटीत ठेवलं, खिशातून कोरी ओळखचिठ्ठी काढली आणि पेन पुढे केलं.

"तुम्ही लिहा. तुमचा ओढा, सही तुमचीच हवी. मी कशाला पट्टी नाचवतेय? तुम्ही अस्सल म्हणालात की माझ्यासाठी संपलं. याच चिठ्ठीवर बी जाईल तिन्ही दऱ्यांत."

लेओकादियानं पेन घेतलं. नाव लिहिलं. जागा लिहिली. तारीख लिहिली. सहीपाशी हात थांबला तो पुढे जाईना. तिच्या डोळ्यांपुढे जळकी दरी आली, राखेतून वर आलेली वाकड्या शेपटीची लालसर फुलं आली, आणि नव्वदीची म्हातारी ती फुलं बघून खूश झालेली. त्या म्हातारीला फरक कळला नसता. तेच तिला सहन होईना.

"सकाळी मी तेवीस फुलं तोडलीत," ती म्हणाली.

"काय?"

"हरणं नाहीत. मी. बिघडलेली होती. क्रुसापाशी बी मी पेरलंय, बागेतलं. मला माहीत नव्हतं. बुधवारपासून माहीत आहे."

 देल्फिनाचा आवाज चढला. "मी तुमच्या चिठ्ठ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवते, दोन्या! बारा वर्षं! आज मी इथून बी घेऊन गेले असते तर? तीन दऱ्या! परत कधी निस्तरता आलं असतं का हे?"

"नसतं."

"मग का?"

  देल्फिनानं खाली उताराकडे पाहिलं. इथून क्रूस दिसत नव्हता, तरी पाहिलं. तिचा राग तिथंच विझला, आणि ते लेओकादियाला रागापेक्षा जड गेलं.

शेवटी देल्फिना हळू म्हणाली, "धबधब्याच्या खाली जे जे संशयाचं आहे ते उपटावं लागेल. यंदाचे पतंग यायच्या आत. क्रुसापासचं सगळ्यात आधी. पुढची पाच वर्षं नवी रोपं बघत राहावी लागतील. वरचं बी मी एक वर्ष थांबून घेईन. माणसं पाठवू का?"

"इथं दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही."

"फूल उमललेलं असेल तर लगेच ठरवा. कळी असेल तर जाळीची पिशवी बांधा म्हणजे पतंग शिरणार नाही. उमलली की बघा." जाताना तिनं लेओकादियाचा हात दोन्ही हातांत धरला. "ती चिठ्ठी फाडा," एवढंच म्हणाली.

ओनेसिमोला सांगितलं तेव्हा तो करवत चालवत होता. त्यानं करवत खाली ठेवली.

"इसेलाची फुलं उपटायची?"

"हो."

"तू डोक्यावर पडलीस का गं, म्हातारे? गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. म्हणून तर तीन दिवस गप्प बसले होते."

"मी नाही येणार. अकरा वर्षांत एक गोष्ट तिथं जगली. मी नाही येणार."

पण तिनं खुरपं आणि पोतं उचललं तसा तो मागोमाग आला. त्याला फुलातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो गुडघे टेकून बसला, एकेक रोप बोटांनी वेगळं करून धरायचा आणि विचारायचा, "हे कुठलं? ओढ्याचं की तिचं?"

फूल असेल तिथं ती पट्टी लावायची, फूल खुडलेलं असेल तिथं नुसता तुटका देठ बघायची. "तिचं."

तो उपटायचा. मुळं लांब असतात कोलंबाइनची, सहज निघत नाहीत. तो मुळाभोवतीची माती बोटांनी मोकळी करायचा, जपून, जणू पुन्हा लावायचंय.

"हे?"

"तिचं."

"आणि हे?"

"तिचंच."

क्रुसाभोवतीचं एकूण एक पेरलेलं, म्हणून पट्टीत बसलेलंही तिचंच ठरलं. मग पहिलं वळण, मग शिळा. रविवार गेला, सोमवार गेला. "ओढ्याचं" म्हणायची वेळ आली की ओनेसिमो मान हलवून पुढे सरके. "तिचं" म्हटलं की एकदा तिच्या तोंडाकडे बघे. सोमवारी दुपारी धबधब्याखाली तो एकदम थांबला.

"केवढी वर आली होती गं पोरगी," तो म्हणाला.

लेओकादियाच्या हातून पट्टी पाण्यात पडली. दोघंही तिथंच, ओल्या दगडांवर बसून, एकमेकांकडे न बघता रडले. अकरा वर्षांत एकत्र असे रडले नव्हते. मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "किल्ली मी दिली होती."

"ठाऊक आहे मला."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलून काय करायचं होतं? पाणी घोट्याएवढंच होतं तेव्हा. मीही खिडकीतून पाहिलं होतं."

तो उठला आणि पाण्यातली पट्टी काढून तिच्या हातात दिली. उरलेलं काम दोघांनी मिळून उरकलं.

परतताना क्रुसापाशी आले तेव्हा त्याला दोन दगडांच्या फटीत एक रोप दिसलं. नजरेतून सुटलेलं. त्याला एकच कळी होती, मिटलेली, हिरवट.

"हे?"

"उमलल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग राहू दे की." त्याच्या आवाजात इतकी आशा होती की तिनं त्याच्याकडे बघणं टाळलं. तिनं खिशातून जाळीची पिशवी काढली आणि कळीला सैल बांधली.

चार दिवस ती सकाळ-संध्याकाळ तिथं गेली. ओनेसिमोही जायचा, तिला चुकवून. तिला मातीत त्याच्या बुटांचे ठसे दिसायचे. ती दगडावर बसायची आणि प्रार्थना म्हणायची, पण प्रार्थनेत काय मागायचं ते तिला ठरवता यायचं नाही. अस्सल निघू दे म्हणावं, तर शब्द जिभेवर अडायचे. तिला वाटायचं, दमलोय आपण, म्हणून.

पाचव्या दिवशी सकाळी दोघं बरोबरच गेले. पिशवीत फूल पूर्ण उमललं होतं. लेओकादियानं गाठ सोडली, फूल हातात न घेता नुसतं बोटांवर तोललं आणि उन्हाकडे वळवलं. नितळ पिवळं. पाचही शेपट्या सरळ. तिनं पट्टी लावली. साडेपाच. पुन्हा लावली. साडेपाचच. बी धबधब्याच्या वरून पाण्याबरोबर वाहत आलं असावं आणि इथं दगडात अडकलं असावं.

"काय झालं? सांग ना," ओनेसिमो म्हणाला. "उपटायचं?"

"नाही. ओढ्याचं आहे."

"म्हणजे राहणार?" त्यानं टोपी काढून दोन्ही हातांनी चुरगळली. "अगं मग रडतेस काय? एक तरी राहिलं ना तिच्यापाशी!"

लेओकादियानं ते फूल पुन्हा उन्हाकडे वळवलं. कडेनं बघितलं, खालून बघितलं, शेपटीच्या टोकाशी बोट लावून बघितलं. लाल झाक कुठंच नव्हती. चार दिवस आपण काय मागत होतो ते तिला आता कळलं, आणि त्याची लाज वाटायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. ते वाकडं निघायला हवं होतं तिला. आपल्याच हातानं उपटावं लागलं असतं, तरीही.

"तिचं नाही रे हे," ती म्हणाली. "तिचं आता काहीच नाही इथं."